पंधरा हजारांत, एका हातात!

२१ ऑगस्ट २०२३, सोमवार, दुपारचे तीन. लासलगाव बाजार समितीचं आवार. पायाखाली कांद्याची टरफलं, समोर रिकाम्या पडलेल्या वजनकाट्याची रांग आणि मांडीवर माझा सहा वर्षांचा लॅपटॉप... जो काही केल्या चालू व्हायला तयार नव्हता!

दोनच दिवस आधी, शनिवारी, केंद्र सरकारनं कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं होतं. निषेध म्हणून सोमवारी नाशिक जिल्ह्यातल्या व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले. मी सकाळची एसटी पकडून नाशिकहून साठेक किलोमीटरवरच्या लासलगावला पोचले होते. मुलाखती झकास झाल्या होत्या. त्यातली एक होती एका मावशींची. दिराच्या ट्रॅक्टरमधून कांदा घेऊन आलेल्या. लिलाव बंद असल्याचं त्यांना गेटवर आल्यावर कळलं. डिझेलचा हिशेब, चाळीत सडलेला माल, पोरीच्या हॉस्टेलची फी... सगळं त्यांनी मला बोटं मोजत सांगितलं. मग विचारलं, "छापून येईल ना गं ताई?" मी छातीठोकपणे म्हटलं, "उद्याच!"

डेडलाइन पाचची. लॅपटॉपनं मान टाकलेली. मग काय, काच तडकलेल्या मोबाइलवर अंगठा आपटत बसले. व्हॉइस टायपिंग करून पाहिलं, तर आजूबाजूच्या गोंगाटात 'कांदा'चा 'खांदा' झाला आणि 'भाव पडला'चा 'भाऊ पडला'! पाचपर्यंत जेमतेम अडीचशे शब्द गेले. बाकीचे सात वाजता. वेळेत पोचलं तेवढं छापलं गेलं. त्यात व्यापारी होते, शुल्काचा आकडा होता. मावशी नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन. "आलं का आमचं?"

खरं सांगते, त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की आपल्या धंद्याचं हत्यार बोथट झालंय आणि त्याची किंमत दुसरंच कुणीतरी मोजतंय.

दहा लेखांचं बजेट

लॅपटॉप दुरुस्तीवाल्यानं पोट उघडलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि निदान केलं, "मॅडम, मदरबोर्ड." खर्च नऊ हजार, वर "गॅरंटी देत नाही हं." सहा वर्षांच्या म्हाताऱ्यावर नऊ हजारांची सर्जरी? नको रे बाबा!

नव्या चांगल्या लॅपटॉपचा विचारही खिशाला झेपणारा नव्हता. तुम्हा ऑफिसवाल्यांचं बरं असतं. सॅलरी स्लिप दाखवली की 'नो कॉस्ट ईएमआय' हसत दार उघडतो. फ्रीलान्सरला तोच काउंटरवाला विचारतो, "तुम्ही नेमकं करता काय?" एका लेखाचे दीड हजार रुपये, तेही दोन-तीन महिन्यांनी. माझ्याकडे अडीअडचणीसाठी म्हणून साठवलेले होते बरोब्बर पंधरा हजार. म्हणजे दहा लेख. हे गणित एकदा डोक्यात बसलं की दुकानातली प्रत्येक चकाचक वस्तू लेखांतच मोजली जाते. "ही चार लेखांची आहे... ही अठरा लेखांची, चल पुढे!"

बाबा नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून रिटायर झालेत. आयुष्यभर कोट्यवधींच्या नोटा डोळ्यांसमोरून गेल्या, पण घरी आल्या त्या मोजूनच, हा त्यांचा आवडता जोक. ते म्हणाले, "मी घालतो थोडे." मी नाही म्हटलं. थोडा माज होता, पण त्याहून जास्त भीती होती. हत्यारही बापाच्या पैशानं घ्यावं लागत असेल, तर हा धंदा आपला म्हणायचा का?

तर मंडळी, ठरलं. हातात धरता येईल असा छोटा कॉम्प्युटर. पंधरा हजारांत. कीबोर्ड, कव्हर, सगळं धरून!

खिशातलं लाकूड

धाकट्या भावाचा इंजिनीअरिंगचा शेवटचा वर्ग चालू होता. त्यानं लगेच एक्सेल शीट काढलं. रॅम, प्रोसेसर, मेगापिक्सेल, रिफ्रेश रेट... बावीस मॉडेल्स, चौदा रकाने. "ताई, बघ, हा सगळ्यात पॉवरफुल!" शीट बघून माझंच डोकं हँग झालं.

तेव्हा मास कॉमच्या वर्गात ऐकलेली एक गोष्ट आठवली. १९९६ मध्ये अमेरिकेत 'पाम पायलट' हा खिशात मावणारा कॉम्प्युटर आला. पुढे कित्येक एक्झिक्युटिव्हजच्या खिशात मानानं मिरवलेला. तो बनण्याआधी कंपनीचा संस्थापक जेफ हॉकिन्स त्याच मापाचा लाकडाचा ठोकळा खिशात घेऊन फिरायचा. कुणी मीटिंगची वेळ विचारली की ठोकळा काढायचा आणि त्यावर टिपून घेतल्याचं नाटक करायचा! लोक वेड्यात काढत असतील. पण ही वस्तू दिवसातून किती वेळा खिशातून निघते, कशासाठी निघते आणि हातात कशी बसते, हे त्याला एक चिपही न बनवता कळलं.

म्हटलं, चला, आपणही करून बघू. बाबांनी माळ्यावरच्या प्लायवुडचे दोन तुकडे कापून दिले. एक आठ इंची टॅबच्या मापाचा, साधारण २१ बाय साडेबारा सेंटिमीटर. दुसरा दहा इंचीचा, २५ बाय १६. वजन जुळावं म्हणून मागे चिकटपट्टीनं चिल्लर चिकटवली. आईच्या किचनमधल्या काट्यावर तोलून पहिला साडेतीनशे ग्रॅम, दुसरा अर्धा किलो. आई म्हणाली, "शिकून सवरून हे दिवस आले!"

आठवडाभर दोन्ही फळ्या आलटून पालटून पर्समध्ये. सीबीएसहून सिन्नरच्या एसटीत उभ्यानं, कॉलेज रोडवरच्या कॅफेत, गोदाघाटावर, गंगापूर रोडला मैत्रिणीच्या स्कूटीवर मागे बसून. निकाल एकदम क्लिअर! दहा इंची फळी टेबलावर मस्त, पण एसटीत एका हातात धरली की मनगट दुखायचं आणि पर्सची चेन लागायची नाही. आठ इंची एका हातात राहायची, दुसऱ्या हातानं दांडा धरता यायचा. बावीस मॉडेल्समधली चौदा एका फळीनं उडवली. भावाचं एक्सेल गप्प!

मोबाइलच का नाही वाढवला? तोही विचार केला. पण सव्वासहा-साडेसहा इंचांच्या पडद्यावर अर्धी जागा कीबोर्ड खातो. उरलेल्या पट्टीत तीन-चार ओळी दिसतात. चार ओळींचा मेसेज लिहिता येतो. नऊशे शब्दांचा लेख लिहिताना वर काय लिहिलंय तेच दिसत नाही. शिवाय तोच फोन लिहिणार, तोच बोलणार, तोच रेकॉर्ड करणार, म्हणजे दुपारी तीनला तो झोपणार हे नक्की.

स्वस्ताईचे दोन धडे

"आठ हजारांतही टॅब येतो की!" हा सल्ला मला निदान सात जणांनी दिला. मोह झाला, का नाही होणार? पण बॅकग्राउंड काढायची सवय लागलेली. आपल्याकडे स्वस्त हातातल्या कॉम्प्युटरची स्वप्नं याआधीही पडली आहेत.

पहिलं स्वप्न सिंप्युटर. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले काही प्राध्यापक आणि एका सॉफ्टवेअर कंपनीतले इंजिनीअर यांनी मिळून ते पाहिलं. लिनक्सवर चालणारा, भारतीय भाषांत बोलून दाखवणारा, गावागावात वापरता येणारा छोटा कॉम्प्युटर. ज्याला परवडत नाही त्यानं फक्त आपलं स्मार्ट कार्ड बाळगायचं, यंत्र गावानं वाटून वापरायचं. आयडिया सॉलिड होती! भारत इलेक्ट्रॉनिक्सनं बनवलेला 'अमिडा सिंप्युटर' २००४ मध्ये बाजारात आला, किंमत साधारण दहा हजारांपासून पुढे. पण तोवर साधे मोबाइल फोन झपाट्यानं स्वस्त होत होते. त्यांच्यावर माणूस माणसाशी बोलू शकत होता. सिंप्युटर काही हजारांच्या पुढे गेलाच नाही.

दुसरं स्वप्न मला स्वतःला आठवतं. ५ ऑक्टोबर २०११, दिल्लीत 'आकाश' टॅबचं उद्घाटन झालं. सरकारला तो सव्वादोन हजारांच्या आसपास पडणार होता आणि कॉलेजच्या पोरांना त्याहून स्वस्त मिळणार होता. मी शाळेत होते. आमच्यापैकी निम्म्या वर्गाला वाटलं, आता आपल्यालाही मिळणार! पण त्या पहिल्या 'आकाश'मध्ये ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि २५६ एमबी रॅम होती. टचस्क्रीन होता, पण हलक्या स्पर्शाला दाद न देणारा, दाबावा लागणारा. हळू चालतो, बॅटरी लवकर संपते अशा तक्रारी आल्या. वर्षभरानं, नोव्हेंबर २०१२ मध्ये सुधारलेला 'आकाश-२' आला. त्या कामात आपली पवईची आयआयटी होती. तरी पहिल्या छापातून बसलेली नाराजी काही पुसली नाही.

यातून माझ्यापुरता फंडा क्लिअर झाला. स्वस्त आणि परवडणारं हे दोन वेगळे शब्द आहेत! स्वस्त म्हणजे घेताना कमी पैसे जातात. परवडणारं म्हणजे वापरताना ते पैसे परत येतात. हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. "परवडत नाही" असं तो म्हणतो तेव्हा तो बियाण्याच्या किमतीबद्दल बोलत नसतो, पूर्ण हंगामाबद्दल बोलत असतो. आठ हजारांचा टॅब दर दोन मिनिटांनी अडखळणार असेल तर माझ्यासाठी तो पाच लेखांचा तोटा होता.

दुसऱ्या 'ऱ्या'ची परीक्षा

मराठीत लिहिणाऱ्यांचं एक वेगळंच दुखणं असतं. इंग्रजी सगळीकडे सरळ उमटतं. आपल्या लिपीची खरी परीक्षा मात्र जोडाक्षरांत. म्हणून मी घरी एक वाक्य तयार केलं :

'ॲसिडिटी झालेल्या म्हाताऱ्यानं दुसऱ्या वऱ्हाड्याच्या ताटातली मिसळ पळवली.'

हसू नका! यात 'ॲ' आहे, जो युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ मध्ये आला. यात 'ऱ्या' आणि 'ऱ्हा' आहेत, म्हणजे तो खास आपला आडवा रफार. आणि 'ळ' आहे. हे वाक्य पडद्यावरच्या कीबोर्डनं, जोडलेल्या कीबोर्डनं आणि बोलून अशा तिन्ही प्रकारे नीट उमटलं, की ते यंत्र मराठी लिहिणाऱ्याच्या कामाचं. जोडलेल्या कीबोर्डवर प्रत्येक ॲप देवनागरी देतंच असं नाही, हे मला याच वाक्यानं शिकवलं.

त्या निमित्तानं इनस्क्रिप्टही शिकले. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. सुरुवातीचा आठवडा बोटं रुसली. दुसऱ्या आठवड्यात जमायला लागलं. तिसऱ्या आठवड्यात रोमन अक्षरांतून मराठी लिहिताना आपण किती फेऱ्या मारत होतो ते कळलं.

एम. जी. रोडवरची दुपार

दसऱ्याच्या आधीचा शनिवार. एम. जी. रोडवर मोबाइलच्या दुकानांत ही गर्दी! भाऊ, मी आणि पर्समध्ये फळी.

"दादा, हे वाक्य टाइप करून बघू का?" असं म्हटल्यावर पहिल्या दुकानातल्या पोरानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी साडीच्या दुकानात जेवायचं ताट मागितलंय. "मॅडम, डेमो पीस आहे, गेम खेळून बघा." थँक्यू, बाय!

दुसऱ्या दुकानात "आठ जीबी रॅम, मॅडम!" भावानं डोळे बारीक केले. "काका, चार अधिक चार म्हणताय ना?" काका हसले. मंडळी, हे नीट लक्षात ठेवा. खोक्यावर '४+४' लिहिलेलं असेल तर खरी रॅम चारच. बाकीची चार म्हणजे स्टोरेजमधून उसनी घेतलेली, आणि उसनी रॅम खऱ्याइतकी वेगानं धावत नाही.

तिसऱ्या दुकानातल्या काकांनी मात्र काउंटरवर जागा करून दिली. वाक्य टाइप केलं, पास! कीबोर्ड जोडला, थोड्या खटपटीनंतर पास! मग म्हटलं, "काका, जरा फुटपाथवर नेऊन बघू?" ते स्वतः बरोबर आले. उन्हात पडद्यावरची अक्षरं दिसत होती, ब्राइटनेस पूर्ण ठेवला तर. लासलगावला उन्हातच बसायचंय, म्हणून हे महत्त्वाचं.

लिलावात व्यापारी ट्रॅक्टरवरच्या ढिगातून कांदा उचलतो, बोटांनी दाबतो, मगच बोली लावतो. एका कांद्यासाठी एवढं, तर दहा लेखांच्या वस्तूसाठी किती!

शेवटचा वाद सिमचा. सिमवालं मॉडेल अडीच हजारांनी महाग. शिवाय महिन्याला रिचार्ज वेगळा. महिन्याला दोनशे धरले तरी दोन वर्षांत ४,८००. मी वायफायवालं घेतलं आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर भागवायचं ठरवलं. पॉवरबँक घरी होतीच.

बिल असं : टॅब ११,४९९, घडीचा ब्लूटूथ कीबोर्ड १,४५०, स्टँडवालं कव्हर ३५०, मेमरी कार्ड ५००. एकूण १३,७९९. हातात उरले १,२०१ रुपये. त्यातल्या थोड्याची तिघांनी मिसळ खाल्ली. बाबांना बोलावून, माझ्याकडून!

मॉडेलचं नाव मुद्दाम सांगत नाही. ही मॉडेल्स वर्षभरात दुकानातून गायब होतात. टिकते ती निवडायची रीत.

आणि मग डिसेंबर...

८ डिसेंबर २०२३. सरकारनं कांद्याची निर्यातच बंद केली. जिल्ह्यात लिलाव थांबले, मुंबई-आग्रा महामार्गावर शेतकऱ्यांनी गाड्या अडवल्या. मी पुन्हा त्याच दिशेनं निघाले. या वेळी पर्समध्ये साडेतीनशे ग्रॅमचं हत्यार होतं.

उभ्या ट्रॅक्टरच्या फाळक्यावर टॅब टेकवला, घडीचा कीबोर्ड उघडला आणि लिहायला बसले. एखादं वाक्य अडखळलं, फाइल सेव्ह व्हायला कधी वेळ लागला, हॉटस्पॉट दोनदा तुटला. जादू वगैरे काही नव्हती. पण साडेचारला साडेनऊशे शब्द गेले होते. सगळे!

मावशी तिथेच भेटल्या. ऑगस्टमधली गोष्ट त्या विसरल्या नव्हत्या, मीही नाही. म्हटलं, "पाठवण्याआधी तुमचं तुम्ही वाचा." टॅब त्यांच्या हातात दिला. अक्षर मोठं केलं. चष्मा घरी राहिला होता, तरी त्या सावकाश वाचत गेल्या. मधेच थांबल्या. एका शब्दावर बोट ठेवलं. "'उन्हाळी' काय लिहिलंस? आम्ही 'उन्हाळ कांदा' म्हणतो." मी तिथल्या तिथे दुरुस्त केलं. मोबाइलवरच्या चार ओळींत हे झालं असतं का? मला नाही वाटत.

ती निर्यातबंदी मे २०२४ मध्ये उठली. शुल्क मात्र कमी-जास्त होत राहिलं आणि १ एप्रिल २०२५ ला पूर्ण गेलं. त्या सगळ्या बातम्या मी याच टॅबवर लिहिल्या. आता त्याच्या एका कोपऱ्याला टवका उडालाय, बॅटरी आधीसारखी टिकत नाही आणि भाऊ नवं एक्सेल शीट घेऊन तयार आहे. पण दहा लेखांची वस्तू कितीतरी आधी फिटली. म्हणजे परवडली!

दुकानात जाण्याआधी...

* आधी काम लिहून काढा. कुठे बसून, किती वेळ, काय करणार? मग मापाचा पुठ्ठा किंवा फळी आठवडाभर बाळगा.
* बजेटमध्ये कीबोर्ड, कव्हर, कार्ड आणि रिचार्ज धरा. नुसत्या टॅबची किंमत म्हणजे पूर्ण किंमत नव्हे.
* 'ऱ्या', 'ॲ' आणि 'ळ' असलेलं एक वाक्य बरोबर न्या. दुकानातच टाइप करा.
* खरी रॅम किती, ते विचारा. सिक्युरिटी अपडेट्स किती वर्षं मिळणार, तेही विचारा.
* पडदा उन्हात नेऊन बघा.
* टॅब आणि चार्जरवर बीआयएसचं चिन्ह आणि 'आर'नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, ते पाहा.
* सेकंडहँड सिमवाला घेताय? स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून आयएमईआय काढा आणि 'संचार साथी'वर तपासा. आणि बिल घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

आणि हो, त्या प्लायवुडच्या फळ्या अजून घरी आहेत. दहा इंचीवर आई आता भाजी चिरते. आठ इंची मी जपून ठेवलीय. पुढच्या खरेदीला लागेल ना!